गिऱ्हाईक कोणाचे? हॉटेलवाल्याचे की ॲपवाल्याचे?

कापडाचा धंदा करणाऱ्या माणसाने बिर्याणीच्या धंद्याविषयी लिहावे, हे काही वाचकांना खटकेल. मी शिकलो उर्दू माध्यमात, मराठी शिकलो बाजारात, आणि हिशेब मात्र कोणत्याही भाषेत सारखाच असतो. गेले वर्षभर माझ्या भाच्याच्या हॉटेलचा हिशेब मी दर महिन्याला त्याच्याबरोबर बसून पाहतो आहे. त्या कागदांत मला जे दिसले, ते मी तीस वर्षांपूर्वी एकदा पाहिले होते. त्या वेळी मी समोरच्या गादीवर बसलेलो होतो, एवढाच फरक. म्हणून हे लिहीत आहे.

भाच्याचे हॉटेल भिवंडीत आहे. त्याच्या वालिदांनी, म्हणजे माझ्या दूल्हाभाईंनी, तेथे प्रथम भिस्सी चालवली. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, ही भिस्सी म्हणजे चिठ्ठीची भिशी नव्हे. उत्तर प्रदेश, बिहारकडून आलेल्या यंत्रमाग कामगारांची ती खानावळ. महिन्याचे पैसे बांधलेले, दोन वेळचे जेवण. दूल्हाभाईंची एक लांबट वही असे. तिच्यात कोण कोणत्या कारखान्यात, कोणाची पाळी रात्रीची, कोण गावाला गेला आहे, कोणाचे किती बाकी, सारे लिहिलेले. कारखाना बंद पडला तरी त्यातला कामगार आता कोठे लागला हे त्या वहीवरून कळत असे. पुढे माग कमी झाले, कामगार पांगले, दूल्हाभाई अल्लाहला प्यारे झाले, आणि भाच्याने त्या जागेवर बारा टेबलांचे हॉटेल केले. बिर्याणी, कबाब, तंदूर. उस्ताद चांगला मिळाला. धंदा बसला.

२०१९ साली तो ॲपवर गेला. पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली आणि टेबलांवर बसायला माणूस उरला नाही, तेव्हा त्या ॲपनेच त्याचा चुलीखालचा जाळ विझू दिला नाही. हे मी मुद्दाम आधी लिहितो, कारण आपल्यातील काही बुजुर्ग मंडळी प्रत्येक नव्या यंत्राला शिव्या घालून मोकळी होतात. भाच्याचे हॉटेल गल्लीत आत आहे. कल्याणच्या नव्या इमारतीत राहणारा माणूस तेथे पायी कधी आला नसता. त्याच्या घरी आज ही बिर्याणी जाते, ती फोनमुळेच.

गेल्या वर्षी गल्लीत गटाराचे काम निघाले. खोदकामामुळे आठ दिवस भटारखाना बंद ठेवावा लागला. नवव्या दिवशी देग चढवली, आणि फोन मुका. पूर्वी रात्री आठ ते अकरा सारखी घंटी वाजायची, ती चार-पाच वेळा वाजली. ॲपच्या यादीत हॉटेल इतके खाली गेले होते की बोटाने सरकवत सरकवत शोधावे लागत होते. कंपनीला विचारले, तर जाहिरात लावा असे उत्तर आले. जाहिरातीचे पैसे वेगळे.

मी त्याला म्हणालो, "तुझी रोजची गिऱ्हाइके असतील ना? त्यांना फोन कर. सांग की हॉटेल सुरू झाले."

तो म्हणाला, "मामू, कोणाला करू? माझ्याकडे नाव नाही, नंबर नाही. बिलावर फक्त ऑर्डरचा आकडा येतो."

पाच वर्षे त्याच्या हातचे जेवण खाणाऱ्या माणसांपैकी एकाचेही नाव त्याला ठाऊक नव्हते. त्याच्या बापाला तीनशे माणसांची नावे, गावे आणि पाळ्या ठाऊक होत्या, आणि बाप चौथी पास होता.

कमिशनचा हिशेब आता सगळ्यांना थोडाफार माहीत आहे, तरी एकदा मांडून दाखवतो. समजा बिर्याणी ३०० रुपयांची. ॲपवर सवलत लावली नाही तर ऑर्डर येत नाही, म्हणून ५० रुपयांची सवलत हॉटेलवाल्याने आपल्या खिशातून दिली. राहिले २५०. त्यावर शेकडा २५ कमिशन धरा, म्हणजे ६२ रुपये ५० पैसे. काहींचे कमी असेल, काहींचे जास्त. या कमिशनवर पुन्हा शेकडा १८ जीएसटी, म्हणजे ११ रुपये २५ पैसे. हातात आले १७६ रुपये २५ पैसे. त्यातून डबा, पिशवी, चमचा, रायत्याची वाटी. मग तांदूळ, गोश्त, तेल, गॅस, उस्तादाचा पगार, जागेचे भाडे.

यातला जीएसटीचा काटा कापडवाल्याला लगेच टोचतो. आम्ही दलालीवर किंवा भाड्यावर जो जीएसटी भरतो तो पुढच्या करातून वळता करून घेतो. हॉटेलवाल्याला ती सोय नाही. नोव्हेंबर २०१७ पासून साध्या हॉटेलांवर शेकडा ५ कर आहे, पण मागचा भरलेला कर वळता करता येत नाही, अशी अट घालून. १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरच्या ऑर्डरीचा हा ५ टक्के कर गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारात भरण्याचे काम ॲप कंपनीकडेच दिले गेले. तेवढी कटकट हॉटेलवाल्याची वाचली. कमिशनवरचे १८ टक्के मात्र त्याच्या अंगावर पडतात ते पडतातच. दर महिन्याला थोडेथोडे जातात म्हणून कळत नाही. भाच्याने वर्षाची बेरीज केली नव्हती. मी केली तेव्हा त्याने पाणी मागवले.

यावर बहुतेक हॉटेलवाल्यांचा तोडगा म्हणजे ॲपवर दर चढवून लावणे. मग गिऱ्हाईक एके दिवशी समोरून जाताना पाटीवरचा दर वाचतो, फोनमधला आठवतो आणि हॉटेलवाल्यालाच लुटारू ठरवतो.

आमच्याकडे कापडाचा दलाल शेकडा एक-दीड मागतो आणि आम्ही त्याच्याशी अर्धा तास घासाघीस करतो. अर्थात दलाल गाठोडे खांद्यावर घेऊन पोहोचवायला जात नाही, ॲपवाला पोहोचवतो, पावसात पोहोचवतो, हेही खरे. म्हणून केवळ टक्क्यांवर माझे भांडण नाही. पोहोचवण्याची मजुरी कोणीही घेईल. माझे म्हणणे त्या नावांविषयी आहे.

येथे मला स्वतःचा एक हिशेब द्यावा लागेल. १९९५ च्या सुमारास मी सूत घेऊन मजुरीवर कापड विणून घेत असे. माग दुसऱ्याचे, वीज दुसऱ्याची, कारागीर दुसऱ्याचा. मी बीम आणि सूत द्यायचो, तो विणून ग्रे कापडाचे तागे परत द्यायचा आणि पिकाप्रमाणे मजुरी घ्यायचा. एक मागवाला माझ्याकडे दहा वर्षे होता. बारा माग. काम इतके साफ की ताग्यात दोष सापडणे कठीण. तो कधी कधी विचारायचा, शेठ, हे कापड पुढे जाते कोठे? मी हसून म्हणायचो, बाजारात. बालोतऱ्याचे कोणते प्रोसेसवाले आणि मुंबईच्या मंगलदास मार्केटातली कोणती पेढी माझा माल घेते, हे त्याला कळू नये याची मी काळजी घेत होतो. ताग्यांवरची चिठ्ठीसुद्धा माझ्याच गोदामात लागायची. त्याला नाव कळले असते तर त्याने स्वतः सूत आणून थेट माल दिला असता. माझी गरज काय राहिली असती?

मंदी आली तेव्हा मी मजुरी पिकामागे दोन पैसे उतरवली. तो काही बोलू शकला नाही. पुढे मी काम बाहेर हलवले. त्याच्याकडे बारा माग होते, हुनर होता, आणि कापड कोणाला विकायचे हे ठाऊक नव्हते. माग भंगारात किलोवर गेले. मी कोणताही करार मोडला नव्हता. वायद्याप्रमाणे प्रत्येक पैसा चुकता केला होता. तरी भाचा "कोणाला करू?" म्हणाला, त्या दिवशी मला तोच माणूस आठवला. भाचा त्या मागवाल्याच्या जागी उभा आहे. स्वतःची चूल, स्वतःचा उस्ताद, स्वतःचे भाडे, आणि बाजारपेठ दुसऱ्याच्या गोदामात.

ही गोष्ट एका दिवसात झालेली नाही. झोमॅटो २००८ मध्ये दिल्लीत फूडीबे या नावाने सुरू झाली, तेव्हा ती काहीच पोहोचवत नव्हती. हॉटेलांची मेनूकार्डे स्कॅन करून दाखवायची, एवढेच काम. आपले कार्ड फुकटात लोकांपुढे जाते म्हणून हॉटेलवाले खूश होते. २०१४ मध्ये बंगळुरूत स्विगी आली, तिने पोहोचवणारी पोरे ठेवली, मग झोमॅटोनेही २०१५ मध्ये ते काम सुरू केले. उबर ईट्सचा भारतातला धंदा जानेवारी २०२० मध्ये झोमॅटोने घेतला, आणि मोठे खेळाडू दोनच उरले. दोनच खरेदीदार असलेल्या बाजारात विकणाऱ्याचे काय होते, हे कापूस पिकवणाऱ्याला विचारा.

मोठ्या हॉटेलवाल्यांनी भांडून पाहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशनच्या पुढाकाराने हजाराहून अधिक हॉटेले सवलतीच्या योजनांतून बाहेर पडली. त्या मोहिमेचे नावच लॉगआउट होते. रोख हॉटेलात बसून खाण्यावरच्या सवलतींवर होता. काही महिन्यांनी टाळेबंदी आली, हॉटेलात बसून खाणेच बंद झाले, आणि रागावलेल्यांनाही पार्सलसाठी त्याच दारात जावे लागले. नंतर याच संघटनेची तक्रार स्पर्धा आयोगापुढे गेली. गिऱ्हाइकाची माहिती हॉटेलपासून लपवली जाते, हा मुद्दाही तक्रारीत होता. एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने चौकशीचा हुकूम दिला, तो मुख्यतः काही हॉटेलांना झुकते माप आणि दराच्या अटी या मुद्द्यांवर. नोव्हेंबर २०२५ मध्ये झोमॅटोने गिऱ्हाइकाची संमती असल्यास त्याचा फोन नंबर हॉटेलला देण्याचा प्रयोग जाहीर केला. दिल्ली-मुंबईच्या मोठ्या मंडळींनी इतकी वर्षे झगडून एवढे पदरात पडले आहे. आपल्या गल्लीपर्यंत ते कधी येईल याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

आता खाणाऱ्यांचा कल पाहा. स्विगीने स्वतः दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०२४ साली तिच्यावरून ८ कोटी ३० लाख बिर्याण्या मागवल्या गेल्या. वर्षानुवर्षे पहिला नंबर बिर्याणीचाच. आपल्या बावर्च्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा हुनर आहे, आणि आज देशात सर्वांत जास्त मागणी त्यालाच आहे. फायदा कोणाला? पुण्यात रोल विकण्यापासून सुरू झालेल्या फासोसच्या कंपनीने बेहरोज बिर्याणी हे नाव काढले, त्याला एका प्राचीन इराणी राज्याची कहाणी जोडली, डबा देखणा केला, आणि एकाच भटारखान्यातून अनेक नावांनी माल विकण्याची रीत बसवली. याला क्लाउड किचन म्हणतात. ना टेबल, ना पाटी, ना रस्त्यावरची जागा. मी त्या लोकांना दोष देत नाही. त्यांनी नावाची किंमत ओळखली. आपल्या उस्तादांच्या हाताला चव आहे आणि हॉटेलच्या पाटीवर अजून कोल्ड्रिंक कंपनीची जाहिरात मोठी आणि आपले नाव छोटे आहे.

दुसरा कल घाईचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्विगीने बोल्ट या नावाने दहा मिनिटांत जेवण देण्याची सोय काढली. दहा मिनिटांत सँडविच येईल, चहा येईल. दम दिलेली देग दहा मिनिटांची होत नाही. भाच्यालाही या यादीत जायचे होते. उस्तादाने सांगितले, मग भात सकाळी करून ठेवू आणि रात्री गरम करून देऊ, चालेल काय? भाचा गप्प बसला. बरे झाले.

फोनच्या प्रत्येक सोयीला एकाच तराजूत घालू नये, हेही सांगितले पाहिजे. गल्ल्यावर चिकटवलेला यूपीआयचा चौकोनी ठिपक्यांचा कागद घ्या. हा क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीने मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी काढला. आज भिवंडीचा चहावाला त्यावर पैसे घेतो. २०१६ मध्ये यूपीआय आले, आणि जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या साध्या व्यवहारावर दुकानदाराला शुल्क नाही. सुट्ट्यांची कटकट गेली, गल्ल्यातून हळूच नोट सरकवणाऱ्या हातांचीही सोय गेली. टेबलावरच्या मेनूचा क्यूआर मात्र मला पटलेला नाही. टाळेबंदीनंतर भाच्याने मेनूकार्डे काढून टाकली होती. चष्मा घरी विसरलेला बुजुर्ग माणूस फोन लांब धरून डोळे बारीक करतो आणि शेवटी वेटरलाच विचारतो, काय आहे? वेटर समोर उभा राहून "आज नल्ली अच्छी बनी है" म्हणतो तेव्हा दोन पदार्थ जास्त खपतात. कार्डे परत आणली.

तर आम्ही काय केले ते लिहितो. ॲप बंद केले नाही. बंद केले तर महिन्याचे भाडे निघणार नाही, हे कागदावर दिसत होते. पण गल्ल्याजवळ एक जाड वही ठेवली. हॉटेलात बसून खाणाऱ्याला आणि स्वतः पार्सल न्यायला येणाऱ्याला भाचा विचारतो, नंबर लिहून ठेवू का? शुक्रवारी काय बनणार आहे ते कळवत जाऊ. बहुतेक जण देतात, काही देत नाहीत. न देणाऱ्याला पुन्हा विचारायचे नाही, आणि दिलेला नंबर दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही, ही माझी अट. ती अमानत आहे. शिवाय २०२३ मध्ये लोकांच्या खाजगी माहितीविषयी कायदा झाला आहे, त्यामुळे परवानगी तोंडी न राहता वहीत सही घेतलेली बरी. हे नंबर व्हॉट्सॲपच्या धंद्यासाठीच्या ॲपवर चढवले. ते फुकट मिळते. गुरुवारी रात्री एक निरोप जातो. दिवसाला तीन-तीन निरोप पाठवणाऱ्याला लोक बंद करतात, हेही भाचा ठेच खाऊन शिकला.

पार्सलच्या डब्यावर हॉटेलचे नाव, पत्ता आणि फोन मोठ्या अक्षरांत छापून घेतले. आधी डबा कोराच जायचा. माझ्या ताग्यांसारखा. ॲपच्या पार्सलात वेगळी चिठ्ठी टाकण्याआधी कंपनीचा करार कोणाकडून तरी वाचून घ्यावा. तो इंग्रजीत असतो आणि आपण बोटाने मान्य म्हणून पुढे गेलेलो असतो. भाच्यानेही वाचला नव्हता. पुतणीने, ती वकिलीला आहे, दोन रात्री बसून वाचला, तेव्हा सवलतीत हॉटेलचा वाटा किती हे कोठे बदलता येते ते सापडले. ती खिडकी पाच वर्षे त्याच्या फोनमध्येच होती.

गेल्या रमजानमध्ये वहीतल्या लोकांना इफ्तारच्या पार्सलसाठी अस्रच्या आधी नोंद करायला सांगितले. त्यामुळे देग किती चढवायची हे आधीच कळले आणि उरलेला माल फेकावा लागला नाही. या ऑर्डरींवर कमिशन नव्हते. पण पोहोचवायचे कोणी? भाच्याचा एकच पोरगा, एकच मोटारसायकल, आणि मगरिबला सगळ्यांना एकाच वेळी हवे. सात पार्सले उशिरा पोहोचली. त्यातल्या तिघांनी पुन्हा मागवले नाही. ॲपवाला टक्के कशाचे घेतो हे त्या संध्याकाळी चांगले समजले.

म्हणून आसपासच्या सहा हॉटेलवाल्यांना एकत्र बसवले. दोन नल्ली-निहारीवाले, एक तंदूरवाला, एक मिठाईवाला, एक फालुद्याचा आणि भाचा. प्रस्ताव साधा होता. सहा जणांनी मिळून चार पोरे आणि चार गाड्या ठेवायच्या, तीन किलोमीटरच्या आत पोहोचवायचे, आणि पोहोचवण्याचा खर्च ऑर्डरींच्या हिशेबाने वाटून घ्यायचा. पैशांवर अर्ध्या तासात एकमत झाले. मग निहारीवाल्याने विचारले, ऑर्डर घेण्याचा फोन कोणाच्या दुकानात राहणार? प्रत्येकाला तो आपल्या गल्ल्यावर हवा होता. मिठाईवाला म्हणाला, ज्याच्याकडे फोन त्याच्याकडे सगळ्यांची गिऱ्हाइके, मग तुमच्यात आणि ॲपवाल्यात फरक काय राहिला?

मी मध्यस्थ म्हणून फोन माझ्या कापडाच्या दुकानात ठेवण्याची तयारी दाखवली. त्यावर तंदूरवाला हसला. त्याचे वालिद मागवाले होते.

पुढची बैठक येत्या जुम्याला, नमाजनंतर भाच्याच्या हॉटेलात ठेवली आहे. प्रत्येकाचा नंबर वेगळा ठेवायचा आणि फक्त गाड्या सामाईक ठेवायच्या, असा एक तोडगा पुतणीने लिहून दिला आहे. मालेगाव, सोलापूर, इचलकरंजीकडे कोणी असा प्रयोग केला असेल, तर त्यांनी या पानाच्या पत्त्यावर कळवावे. विशेषतः फोन कोणाकडे ठेवला, ते.